मणक्यात काय भरलं, ते बिलावर लिहा

महोदय,

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं नुकतंच मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेतले चौथा आणि पाचवा मणका स्क्रू-रॉड घालून जोडले. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली हे ठाऊक असल्यामुळे घरी आल्यावर त्यांनी बिल माझ्यापुढे धरलं. खोलीभाडं, भूल, स्क्रू सगळं त्यांना कळलं होतं. अडलं होतं एका ओळीपाशी. ‘‘ताई, हे बोन ग्राफ्ट १० सीसी म्हणजे मेलेल्या माणसाचं हाड घातलं का हो माझ्यात?’’ ओळीपुढे पाच आकडी रक्कम होती. कंपनीचं नाव नाही, प्रकार नाही. डिस्चार्ज कार्डावरही ‘फ्युजन विथ बोन ग्राफ्ट’ एवढंच.

बोन ग्राफ्ट म्हणजे मणके जुळावेत म्हणून भरायचं हाड किंवा हाडाच्या जागी चालणारा माल. त्या ओळीत बरंच काही दडू शकतं. दात्याचं, प्रक्रिया केलेलं हाड असू शकतं. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८पासून ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना पुरवते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जनावराच्या हाडापासून केलेला माल असू शकतो. किंवा कारखान्यात बनवलेलं सिंथेटिक असू शकतं: हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम सल्फेट, बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास. शिवाय काही सिंथेटिक पट्ट्यांमध्ये गाईचं कोलॅजन मिसळलेलं असतं. आपल्याकडे कितीतरी घरांत हा प्रश्न धर्माचा, व्रताचा असतो. तो ऑपरेशनच्या आधी विचारायला नको का?

स्क्रू-रॉड मणके धरून ठेवतात ते काही काळापुरते. मणके खरे जोडतं ते हाडच, आणि त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. नाही जुळलं तर स्क्रू सैल होतात, रॉडही तुटतो. म्हणून पूर्वी कमरेच्या बाजूचं हाड काढून घालत. ते आजही सर्वांत खात्रीचं मानतात, पण राउंडला गेलं की रुग्ण म्हणायचे, ‘‘पाठ बरी आहे सिस्टर, हे बाजूचं दुखतंय.’’ काहींचं ते दुखणं महिनोन्‌महिने राही. सिंथेटिक आलं ते या त्रासावर उपाय म्हणून, आणि माझा त्याला विरोध मुळीच नाही.

नस मोकळी करताना मणक्याची कमान कापतात, तिचे तुकडे सर्जन आमच्या ट्रॉलीवर देतात. ते सलाईनमध्ये ठेवायचे, चिकटलेलं मांस खरवडायचं आणि निबलरने, म्हणजे हाड कुरतडायच्या पकडीने, बारीक करायचे. हे काम सिस्टरचं, आणि घाईत करायचं नसतं. मांस राहिलं तर हाड धरत नाही. एका पातळीच्या फ्युजनला, म्हणजे दोनच मणके जोडायचे तर, पुष्कळदा तेवढं हाड पुरतं. दोन-तीन पातळ्या असतील तर कमी पडतं, मग सिंथेटिकची बाटली फोडायची. आतले पांढरे खडबडीत दाणे रुग्णाच्याच रक्तात किंवा मज्जेत कालवून त्या तुकड्यांत मिसळायचे. दाणे म्हणजे द्राक्षाचा मांडव. वेल रुग्णाच्या स्वतःच्या हाडातूनच यावी लागते. नुसता मांडव महागाचा घालून पीक येत नाही. तंबाखू आणि सिगारेट बंद करा असं सर्जन कानीकपाळी ओरडतात ते यासाठीच, कारण निकोटिनने हाड जुळणं मंदावतं.

हे दाणे सगळे सारखेही नसतात. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, काही आठवड्यांत विरघळतं, बरेचदा हाड येण्याच्या आधीच. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट वर्षानुवर्षं राहतं. ते एक्स-रेत पांढरं दिसतं, त्यामुळे हाड जुळल्याचा भास होतो आणि खात्रीला सीटी स्कॅन लागतो. उद्या कंडक्टरसाहेब दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तर आत काय आहे हे कळल्याशिवाय तो डॉक्टर तो एक्स-रे वाचणार कसा?

अमेरिकेत हाड वाढवणाऱ्या एका प्रथिनाला २००२मध्ये परवानगी मिळाली ती कमरेच्या मणक्यासाठी, पुढून करायच्या ऑपरेशनपुरती. डॉक्टरांनी ते मानेतही वापरलं. गळ्याला सूज येऊन श्वास अडल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८मध्ये तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, इशारा काढावा लागला. ते प्रथिन आणि हे दाणे एक नव्हेत. पण आपल्यात काय घातलंय हे रुग्णाला माहीत असावं, हे तिथल्या लोकांना अशी किंमत मोजून कळलं.

माझी मागणी खर्चाची नाही, कागदाची आहे. बाटलीच्या खोक्यात चिकट स्टिकर येतात: कंपनी, प्रकार, आकारमान, लॉट नंबर, मुदत. मी जिथे काम केलं तिथे एक केसपेपरवर लागायचा, एक थिएटरच्या रजिस्टरला, आणि उरलेले खोक्याबरोबर कचऱ्यात. त्यातलाच एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला किती वेळ लागतो? फेब्रुवारी २०१७मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली, तेव्हा बिलात स्टेंट वेगळा दाखवून ब्रँड, कंपनी, बॅच नंबर लिहायचा आदेशही निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचे भाव बांधले गेले. मणक्यातल्या ग्राफ्टच्या बिलावरही हा तपशील सक्तीचा करावा. संमतीपत्रातही ‘बोन ग्राफ्ट’ असं मोघम न लिहिता स्वतःचं, दात्याचं, प्राण्याचं की सिंथेटिक यावर खूण असावी. आमच्या मिरजेत कर्नाटकातूनही रुग्ण येतात, तेव्हा ते कानडीतही असलं तर उत्तम.

उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने २०१५मध्ये मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू केला. तिथे कळवायचं तर माल कुठला आणि कुठल्या लॉटचा हे सांगावं लागतं. कंडक्टरसाहेबांना मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे ऑपरेशन नोट्सची प्रत मागणारा अर्ज लिहून दिला आहे. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्यांनी स्टिकर आधीच मागून ठेवावा.

एक निवृत्त थिएटर सिस्टर, मिरज