ग्रामसभा गेली, तिच्या जागी काय आले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुणे महापालिकेच्या हद्दीत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली आणि तेव्हा पाचशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रफळाची ही महापालिका त्या बाबतीत राज्यात पहिली ठरली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस ही समावेशाआधीच नावापुरती गावे उरली होती. टोलेजंग गृहसंकुलांचे सांडपाणी आणि उन्हाळ्यातील टँकरच्या रांगा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातल्या नव्हत्या, हे समाविष्ट गावात राहणारा माझ्यासारखा माणूस नाकारणार नाही. त्यामुळे समावेशाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पाणी, रस्ते आणि मिळकतकर यांवरही पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याची फारशी चर्चा झाली नाही, ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा.

पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आटोपले की शाळेच्या आवारात सतरंज्या पडत, ग्रामसेवक मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवत आणि एखादी आजी मध्येच उठून, आमच्या आळीतला दिवा कधी लागणार, असे सरपंचांना तोंडावर विचारत असे. या सभांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कित्येक गणसंख्येअभावी तहकूब होत आणि काही निव्वळ भांडणात संपत. तरीही मतदाराला उभे राहून हिशेब मागण्याचा हक्क कायद्याने होता आणि उत्तर देणारा समोर बसलेला असे. समावेशाच्या अधिसूचनेबरोबर ग्रामपंचायत गेली, तसा तो हक्कही गेला. २३ गावांना तर नगरसेवक निवडून देण्याची संधी मिळण्याआधीच, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. एवढा काळ या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक. त्यातच या २३ गावांच्या विकास आराखड्याचे काम सरकारने २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) सोपवल्यामुळे कोणता प्रश्न घेऊन कोणाच्या दारात जावे, हेच लोकांना उमगेना.

गाऱ्हाणे मांडायला जागाच नसली की लोक थेट मंत्रालयाकडे पाहू लागतात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ मध्ये घेतलेली गावे २०२४ मध्ये महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसलेल्या या गावांचा राग समजण्यासारखा आहे. पण १९९७ मध्ये घेतलेल्या ३८ गावांपैकीही काही पुढे वगळली गेली होती, हे आठवले की हद्दीची अशी ये-जा हे प्रश्नाचे उत्तर नव्हे, असेच वाटते.

वास्तविक उत्तर कायद्यातच आहे. महापालिका कायद्यात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रभागाचे भाग पाडून तेथील मतदारांची क्षेत्र सभा घेण्याची तरतूद केली. तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असते. मुळात जुन्या शहरातही ही सभा कोणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे नव्या गावांत ती आपोआप होईल अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरेल. आता नगरसेवक निवडून आले आहेत. पालिकेने समाविष्ट गावांपासून सुरुवात करून क्षेत्र सभा घ्याव्यात, त्यांची इतिवृत्ते जाहीर करावीत आणि पाणीपुरवठा व मलनिस्सारण विभागांचे अभियंते तसेच पीएमआरडीएचा जबाबदार अधिकारी यांना तेथे हजर राहण्याचे आदेश द्यावेत. कारण एकट्या नगरसेवकाला विचारले तर 'बघतो' यापलीकडे उत्तर मिळणार नाही.

आपला विश्वासू,
समाविष्ट गावातील एक रहिवासी, पुणे