लाल झाकण की केशरी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर नोव्हेंबरात पेपरांमधून मधुमेहावर पानंच्या पानं येतात, आमच्या घरात ती नीट वाचली जातात कारण आमच्या ह्यांना बारा वर्षं शुगर आहे. यंदा घरात दुसरा पेशंट आलाय, आमचा बोका गोट्या, वय वर्षं 9. मांजराला डायबेटीस म्हणलं की बिल्डिंगमधले हसतात. पण इन्सुलिन शोधणाऱ्या ज्या बँटिंगच्या वाढदिवसाला, 14 नोव्हेंबरला, मधुमेह दिन पाळतात त्यानेच 1921 साली टोरांटोत ते आधी कुत्र्यांना टोचून बघितलं होतं, माणसांचा नंबर नंतर लागला, तेव्हा हसायचं काय कारण नाही.

कळलं कसं, तर मुंग्यांवरून. बाथरूमच्या कोपऱ्यात गोट्या मुतला की थोड्या वेळात मुंग्यांची रांग. पाणी बादलीला तोंड लावून प्यायचा, खाणं दुप्पट आणि अंगावर नुसती हाडं, सहा किलोचा साडेचारवर आला, आणि ओट्यावर टुणकन उडी मारणारा बोका मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला.

डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिलं, एक युनिट सकाळी, एक रात्री, बारा तासांनी, खाऊन झाल्यावर. आता बघा हं. ह्यांची इन्सुलिनची बाटली 40 ची, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट, तिची सिरिंज लाल झाकणाची. ग्लार्जिन येतं 100 चं, त्याला केशरी झाकणाची लागते. मला कुठलं माहीत, मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला काकू सगळ्या सेमच असतात, आणि घरात लाल झाकणवाल्यांचा अख्खा डबा पडलेला, मग वेगळ्या कशाला आणा. लाल सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं की मला वाटायचं एक युनिट, प्रत्यक्षात जात होती अडीच! तीही साडेचार किलोच्या जिवाला, चार दिवस, दिवसातून दोनदा.

पाचव्या दिवशी दुपारी सोफ्याखालून निघाला तो दारुड्यासारखा झुलत, भिंतीला धडकला, हाक मारली तर बघेना. ह्यांच्या ग्लुकोमीटरवर शुगर 41, म्हणजे फारच खाली. बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळला (तोंडात ओतायचा नाही, ठसका लागतो), डॉक्टरांना फोन लावला, वीस मिनिटांनी परत शुगर तपासली, 68 आली तेव्हा कुठे मी खाली टेकले. डॉक्टर म्हणाले सिरिंजचा फोटो पाठवा, आणि फोटो गेल्या गेल्या फोन आला, काकू हे झाकण लाल कसं?

तेव्हापासून त्याची शुगर घरात टेस्ट करतो. सोपं आहे खरं तर. कान तळहातात धरून गरम करायचा, कडेची शीर दिसते तिथे टोचायचं, मागून कापसाचा बोळा धरायचा नाहीतर सुई आपल्याच बोटात जाते (दोनदा गेलीये). थेंब केसात पसरू नये म्हणून आधी किंचित व्हॅसलिन. माणसांचा मीटर मांजराची शुगर जरा कमीच दाखवतो, म्हणून मीटर बदलत बसायचं नाही आणि कुठल्या मीटरवर घेतलंय ते डॉक्टरांना सांगायचं. दवाखान्यात पिशवीतून ओरडत नेलेला गोट्या 340 दाखवतो आणि तोच त्याच दिवशी घरी गादीवर लोळताना 210, कारण मांजर घाबरलं की शुगर उसळते, त्यामुळे डॉक्टरसुद्धा आता डोस ठरवताना माझी वही बघतात.

आता तो बरा आहे, वजन पाच किलो. मेडिकलवाल्याशी भांडायला गेले नाही कारण चूक अर्धी माझी पण आहे, बाटलीवर 100 छापलेलं मी चार दिवस रोज बघत होते.

माझी मागणी एवढीच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिटच्या शेजारी झाकणाचा रंग लिहावा, दुकानदाराने बाटलीवरचा आकडा वाचून सिरिंज द्यावी. ज्यांच्या घरात नवरा 40 वर आणि सासूबाई 100 वर आहेत तिथे हाच घोळ माणसांचाही होऊ शकतो, मांजराची गोष्टच सोडा. पुढच्या वेळी मधुमेहावर छापाल तेव्हा लाल 40, केशरी 100 एवढं चौकटीत टाका, आणि रंगीत पानावर टाका, आमच्याकडे येणाऱ्या अंकात काळ्या-पांढऱ्या पानावरचं लाल आणि केशरी एकसारखंच दिसतं.

आपली,
गोट्याची आई, डोंबिवली (पूर्व)