बाबा, मीही ड्रायव्हर लाईनीत आलोय

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे इंग्लंडमध्ये आम्ही सगळे मजेत आहोत. नातीची परीक्षा जवळ आलीय, तुमच्या सूनबाईंच्या हॉस्पिटलातल्या ड्युट्या नेहमीसारख्या चालू आहेत.

नोकरी बदलल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून दर रविवारी पाऊसपाणी, ऊस, पाहुणेरावळे सगळं बोलून होतं, पण त्या विषयाला कोणी हात लावत नाही. आई, तू मावशीला "तो ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर झालाय" असं सांगितलंस, तेही कानावर आलं. तुझा राग नाही. चार लोकांत पोराचं नाव खाली येऊ नये म्हणून तू बोललीस. पण फोनवर बाबा गप्प झाले की मलाही पुढे सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी मॅनेजर नाही, लॉरी चालवतो. आपल्याकडच्या भाषेत पुढे घोडा आणि मागे ट्रेलर. साडेसोळा मीटर लांब, सहा ॲक्सल, मालासकट ४४ टनांपर्यंत वजन. आमच्या रग्बीजवळ डेव्हेंट्रीला मोटरवेच्या कडेला गोदामांचं एक गावच वसलंय. तिथून माल भरायचा आणि दुकानांच्या मोठ्या डेपोंना पोचवायचा, नाहीतर फेलिक्स्टो बंदरातून कंटेनर आणायचा. फेलिक्स्टो म्हणजे इथलं न्हावा शेवा समजा. तिथून निघणारा ए१४ रस्ता थेट आमच्या भागात येऊन एम१ आणि एम६ या मोटरवेंना मिळतो. त्या रस्त्यावर रात्री दोन वाजतासुद्धा लॉऱ्यांची माळ तुटत नाही.

नोकरी गेली म्हणून नाइलाजाने हे धरलं, असं तिकडे बोललं जातंय. आमची टीम बंद झाली, कंपनीने पैसे देऊन मोकळं केलं, इथपर्यंत ते बरोबर आहे. पण त्याच कामाची दुसरी नोकरी समोर होती, तिचं पत्रही हातात होतं. ती नोकरी मी घेतली नाही. इतकी वर्षं रात्री उशाशी फोन ठेवून झोपलो. कुठल्यातरी कंपनीचा सर्व्हर बंद पडायचा, तो चालू करेपर्यंत पहाट व्हायची, आणि सकाळी पुन्हा मीटिंग. सुट्टीला कराडला आलो तरी लॅपटॉप उघडाच असायचा, आई, तू ताट वाढून थांबलेली असायचीस. ते काम कधी संपायचंच नाही. आता संध्याकाळी चावी दिली की माझं काम संपलेलं असतं. जेवताना मी घरच्यांच्या तोंडाकडे बघून जेवतो. तुमची नात म्हणाली, "बाबा आता ऐकतात." मला त्यातच सगळं मिळालं.

बाबा, तुम्हाला कुठे लागलंय ते मला कळतं. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, "माझ्या हातात स्टिअरिंग आलं ते बास झालं, तुझ्या हातात येऊ देणार नाही." माझ्या फीसाठी तुम्ही वाशीची खेप टाकून आल्या पावली बेंगलोरचं भाडं घ्यायचात. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, परतीला मिळेल ते. जकात नाक्यावरची रांग, पावसात ताडपत्री आवळताना सोललेले हात, गाडीखाली चूल मांडून केलेला भात. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तुम्ही घरी असल्याची आठवण मला फार थोड्या वर्षांची आहे. कंबर गेली, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि मालकाने शेवटी हातावर काय ठेवलं तेही मी पाहिलंय. एवढं सगळं सोसून ज्याला यातून बाहेर काढला तो आपल्या पायाने परत आला, असं तुम्हाला वाटत असणार.

म्हणूनच इथलं काम कसं चालतं ते नीट सांगतो. तुम्ही ड्रायव्हर आहात, तुम्हाला ते आईपेक्षा आधी पटेल.

प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड असतं. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यात ते कार्ड घातल्याशिवाय गाडी हलवायची नाही. किती चालवली, किती थांबलो, किती वेगाने गेलो, सगळं त्यात उतरतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आठवड्याला ५६, दोन आठवडे मिळून ९०, त्याच्या वर नाही. दोन दिवसांच्या मध्ये अकरा तास विश्रांती, आठवड्यातून तीनदा ती नऊवर आणता येते, त्याखाली नाही. रस्त्यात अडवून तपासतात. तास जास्त भरले तर ड्रायव्हरला दंड होतो आणि मालकाचं गाड्या चालवायचं लायसन्सही धोक्यात येतं. त्यामुळे "तेवढी खेप मारून ये की" असं मला कोणी म्हणत नाही. आपल्याकडेही मोटर कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. तुमच्या गाडीत ते तास मोजायला कोण बसलं होतं?

सकाळी गाडी ताब्यात घेतली की आधी तिच्याभोवती फिरायचं. तुम्ही टॉमीने टायर ठोकून नुसत्या आवाजावरून हवा सांगायचात. इथे प्रत्येक नटावर पिवळ्या प्लॅस्टिकचा छोटा बाण असतो. शेजारशेजारचे बाण एकमेकांकडे तोंड करून लावलेले असतात, एखादा फिरलेला दिसला की नट सैल झालाय असं समजायचं. मग लाईट, आरसे, घोडा आणि ट्रेलर यांच्यामधले हवेचे पाइप. तांबडा आणीबाणीच्या ब्रेकचा, पिवळा रोजच्या ब्रेकचा. ट्रेलर जोडल्यावर त्याचा ब्रेक तसाच ठेवून पुढे हलका हिसका द्यायचा, जोड पक्का बसलाय का बघायला. एवढ्यावर भागत नाही, खाली वाकून बॅटरीच्या उजेडात जोडाची पिन डोळ्यांनी बघायची. पहाटेच्या थंडीत हे सगळं करताना बोटं बधिर होतात, तरी मला ही वेळ आवडते.

खोट सापडली तर ती लिहून द्यायची, आणि ती निघेपर्यंत गाडी यार्डातच. बाबा, तुम्ही झिजून गोटा झालेल्या टायरांवर पावसाळ्यात खंबाटकी उतरायचात. मालकाला सांगितलं की तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला बदलू." तो पुढच्या खेपेचा दिवस येईपर्यंत आई रात्री जागी असायची, हे मला पक्कं आठवतं. गेल्या महिन्यात ट्रेलरच्या एका टायरला बाजूने चीर दिसली. मी लिहून दिलं. मेकॅनिक आला, टायर बदलला, मी दोन तास उशिरा निघालो, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. त्या दिवशी तुमची फार आठवण आली. तुमच्याइतका हुशार ड्रायव्हर मी इथे अजून पाहिला नाही, पण "ही गाडी मी हलवणार नाही" असं म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला नाही. मला तो पहिल्या दिवसापासून मिळाला.

लायसन्स सहज मिळालं असं समजू नका. आधी डॉक्टरची तपासणी, डोळे, रक्तदाब, साखर, झोप नीट लागते का तेसुद्धा. मग लेखी परीक्षा, १०० पैकी ८५ प्रश्न बरोबर यावे लागतात. शिवाय पडद्यावर रस्त्याची दृश्यं दाखवतात, धोका कुठे तयार होतोय ते वेळेत ओळखायचं. पुढे मैदानात रिव्हर्स, ट्रेलर सोडणं आणि जोडणं, रस्त्यावरची परीक्षा, आणि शेवटी माल बांधण्यापासून चोरी टाळण्यापर्यंत सगळं तोंडी आणि करून दाखवायचं. पूर्वी आधी लहान लॉरीची परीक्षा द्यावी लागायची, २०२१ च्या नोव्हेंबरपासून थेट ट्रेलरची देता येते. सगळ्यात घाम काढला तो रिव्हर्सने. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. घाई केली की घोडा आणि ट्रेलर चाकूसारखे मिटतात. अगदी थोडं फिरवायचं, थांबायचं, आरशात बघायचं, आणि उतरून बघायला लाजायचं नाही. आता गोदामाच्या दाराला सरळ लावता येते.

घाट तसे इथे नाहीत. एम६२ हा इंग्लंडमधला सगळ्यात उंच मोटरवे, तोही ३७२ मीटरच. पण तिथला वारा आणि धुकं वाईट. गाडीला बारा गिअर आहेत आणि ती ते आपोआप टाकते. तरी उतार लागायच्या आधीच मी इंजिन ब्रेक लावून वेग पाडतो. "ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर," हे तुमचं वाक्य डोक्यात पक्कं बसलंय. कुंभार्ली घाटात तुमच्या शेजारी तापलेल्या बॉनेटजवळ बसून ते ऐकलंय. पाय भाजायचे, पण मागे बसायला मी तयार नसायचो. बाबा, स्टिअरिंगपासून तुम्ही मला लांब ठेवलंत, पण गाडी कशी सांभाळायची ते तेव्हाच दिलं होतंत.

आता वाईट ते पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल लपवतोय. पगार आधीपेक्षा कमी आहे. घराचे हप्ते निघतात, नातीच्या शिक्षणाचं ठरलेलं आहे, तुमच्या औषधांचे आणि कामाच्या बाईंचे पैसे पूर्वीसारखेच येत राहतील. कधी पहाटे तीनला निघावं लागतं, झोपेचं गणित बसायला वेळ लागला. गोदामांच्या दारात तासन् तास ताटकळणं इथेही आहे. रात्री गाडी लावायला चांगल्या जागा कमी, आणि रस्त्याकडेला लावली की ट्रेलरचे पडदे फाडून माल चोरणारे, डिझेल काढून नेणारे आहेतच. म्हणून मी मुक्कामाचं काम घेतलं नाही. रोज घरी येतो. दिवसभर बसून कंबर धरते, त्यासाठी थांब्यावर चालतो आणि डबा घरचाच नेतो. वयाच्या ४५ नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. मी ४३ चा आहे. तब्येत राखली नाही तर लायसन्स जाईल, त्यामुळे तुमच्या सूनबाई या नोकरीवर खूश आहेत.

आई, मावशीला आणि बाकीच्यांना एक सांग. २०२१ साली इथे एक लाखाहून जास्त लॉरी ड्रायव्हर कमी पडतायत, असं इथल्या मालवाहतूकदारांच्या संघटनेने सांगितलं होतं. सप्टेंबरात तेल होतं पण ते पंपांपर्यंत न्यायला ड्रायव्हर नव्हते. आमच्या पंपावर गाड्यांची रांग चौकापर्यंत गेली, शेवटी लष्कराचे जवान टँकर चालवायला आणले. तुमच्या सूनबाईंना ड्युटीवर जायला पेट्रोल मिळेना. तेव्हा मी घरात लॅपटॉपसमोर बसलो होतो, आणि माझ्या कामावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. ते माझ्या मनात राहिलं. आज मी पोचवतो ते दूध, औषधं, लहान मुलांचं खाणं दुसऱ्या दिवशी दुकानात असतं. हे सांगायला मला जराही लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये. "मुलगा काय करतो?" असं कोणी विचारलं तर ड्रायव्हर आहे म्हणून सांग. त्याचे वडीलही ड्रायव्हर होते, हेही सांग.

जानेवारीत आम्ही तिघंही येतोय, तिकिटं काढली आहेत. बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी असतानाच करू, डॉक्टरांकडे तशी तारीख मागून ठेवा. साखरेची गोळी चुकवू नका.

पुढच्या आठवड्यापासून माझी पाळी पहाटेची आहे, त्यामुळे रविवारचा फोन तुमच्या रात्री आठला करीन. या वेळी फोन बाबांनी धरायचा. इप्सविचजवळ ए१४ वर ऑरवेल नदीचा उंच पूल आहे, वारा फार झाला की तो बंदच करतात. पण बंद करण्याइतका वारा नसतो तेव्हाही रिकामा कंटेनर घेऊन जाताना मागचा भाग बाजूला ओढला जातो. मी वेग कमी करतो आणि स्टिअरिंग घट्ट धरतो, पण घट्ट धरल्याने गाडी जास्तच झोकांड्या खाते असं वाटतं. तुम्ही रिकामी गाडी घेऊन माळावरून यायचात तेव्हा काय करायचात, ते मला सविस्तर सांगा.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
दादा