‘चुकलं असेल तर सांगा, मावशी’ असं विचारणाऱ्या ग्रंथपाल ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्याहून लहानच असाल, तरी ताईच म्हणते. आईसुद्धा घरात तुमचा विषय निघाला की ‘ताईबाई’ म्हणते, आणि एवढा मान ती सहसा कुणाला देत नाही. समोर येऊन बोलायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा घसा भरून आला आणि नुसतंच पुस्तक बदलून परत आले. म्हणून लिहिते आहे. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

मी 1995 सालची, भूकंपानंतरची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भागात जे झालं, ते मी फक्त ऐकलेलं. तेही बाहेरच्यांकडून. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत, दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून जड झालेलं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार म्हणून ज्याचं कौतुक, तेच अंगावर आलं. हे सगळं मला शाळेत कळलं. आमच्या घरात त्यावर एक शब्द नव्हता. मला एक बहीण होती आणि ती पाच वर्षांची असताना गेली, एवढं मला चुलतीनं सांगितलेलं. आईला विचारायचं नाही, हेही चुलतीनंच सांगितलेलं.

आईला कुणी विचारलं नाही असं नाही. उलट फार विचारलं. सुरुवातीला फॉर्म घेऊन आले. घरात माणसं किती, गेली किती, जमीन किती, जनावरं किती. मग फोटो काढणारे आले. पुढं काही वर्षांनी एक गृहस्थ टेप घेऊन आले, आईला दोन तास बोलतं केलं, ‘पुस्तक निघालं की पाठवतो’ म्हणाले. आई बरीच वर्षं पोस्टमनची वाट बघत होती, हे मला अगदी अलीकडे कळलं. लिहिता-वाचता येत नसलेली बाई पुस्तकाची वाट बघत होती! माझं स्वतःचं सांगू? मी लातुरात आडत दुकानात हिशेब लिहिते. दिवसभर आकडे. त्यामुळे आईच्या दुःखाचाही मी एक आकडाच करून ठेवला होता : दोन माणसं, एक बैल, एक घर. नातेवाईक ‘इसर की आता’ म्हणायचे. तिला झोप येईना म्हणून एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. त्या सगळ्यांवर माझा राग आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मग तुम्ही आलात. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, मानधन सांगायलाही लाज वाटावी इतकं. पोरांसाठी शनिवारी गोष्टी सुरू केल्यात आणि म्हाताऱ्या बायकांना निरोप धाडलात की तुमच्याही गोष्टी सांगायला या. आई नातवाला सोडायला म्हणून आली आणि दारातच बसली. आत या, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्हीच सतरंजी उचलून दाराशी आणलीत. आईनं मला हे तीनदा सांगितलंय.

कधीतरी तुम्ही मोबाइलवर तिला जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या जमवून ठेवल्या आहेत, आणि त्यात आपल्या परभणी-बीडकडच्याही बाया आहेत, हे आम्हाला तुमच्यामुळं कळलं. त्यातल्या एकीचा आवाज ऐकून आई म्हणाली, “ही तर आमच्या आत्यावाणी गाते.” आणि बसल्या जागी तिनं स्वतः ओवी धरली. गिरणी आल्यापासून तिनं ओवी म्हटलीच नव्हती. पण ओवी जुनी नव्हती, तिची स्वतःची होती. इतकी वर्षं ती मनातल्या मनात दळत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

तुम्ही ती लिहून घेतलीत. इथपर्यंत बाकीच्यांनीही केलं होतं. पण तुम्ही वहीचं पान तिच्याकडं वळवलंत, अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचून दाखवलंत आणि म्हणालात, “चुकलं असेल तर सांगा, मावशी.”

ताई, हे वाक्य तुम्हाला आठवत तरी असेल का? मी त्या दिवशी आईला घ्यायला आले होते आणि पायरीवर उभी होते. आई एकदम गप्प झाली. तिला वाटलं असणार, आपल्याला काय विचारतात, आपण कोण. तुम्ही थांबलात. पंखा बंद पडलेला, बाहेर पोरांचा कालवा, आणि तुम्ही पेन बाजूला ठेवून नुसत्या थांबलात. मग आई म्हणाली, “चुकलंय.”

“काय चुकलं?”

“तुमी ‘पडलं’ लिवलाव. पडलं न्हाई. बसलं. पडलं म्हनलं की कुनी ढकलल्यावाणी वाटतंय. आमचं माळवद बसलं. दमलेलं मानूस बसतंय, तसं.”

तुम्ही ‘पडलं’ खोडलंत आणि वर ‘बसलं’ लिहिलंत. परत वाचलंत :

माळवद बसलं, जातं राहिलं उघडं
लेकीवाचून मला, घर नवं गं केवढं

“आता बरोबर,” आई म्हणाली. आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

घर नवं गं केवढं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली त्यातलं आमचं एक. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, सिमेंटच्या भिंती, शेजारीण हाकेच्या अंतरावर नाही. आम्हाला ते घर चांगलंच वाटायचं. आईला ते मोठं का वाटत होतं, ते दुसऱ्या ओळीत होतं.

त्या रात्री घरी येऊन तिनं मला सगळं सांगितलं. मिरवणुकीत माझ्या त्या ताईच्या, गेलेल्या बहिणीच्या, गालाला गुलाल लागला होता. ती न जेवताच झोपली. आईला वाटलं, सकाळी पुसू. झोपमोड कशाला. वडील मारुतीच्या पारावर झोपले म्हणून वाचले. आई दुपारी निघाली ढिगाऱ्यातून. ताईला काढलं तेव्हा सगळं अंग मातीनं पांढरं आणि गालावर तो गुलाल तसाच. “तेवढा पुसायचा राहिला गं,” आई म्हणाली.

आमच्या घरात कधी गुलाल आला नाही. माझ्या लग्नात नाही, भाऊ ग्रामपंचायतीला निवडून आला तेव्हा नाही. दारातून लोकांना परत पाठवलं तिनं. मी तेव्हा चिडले होते. आईला कुणाचा आनंदच बघवत नाही, असं माझ्या नवऱ्याजवळ बोललेही होते. आज ते शब्द मला गिळता येत नाहीत. लहानपणी ती माझी वेणी घालायची आणि रिबीन बांधायची वेळ आली की मला चुलतीकडं पाठवायची. मला वाटायचं, मी तिला नकोशी आहे. तीस वर्षं मी हेच धरून बसले होते, ताई. एका रात्रीत कळलं की ती मला जवळ घ्यायला घाबरत होती.

त्याच रात्री तिनं मला ताईचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, ते आईचं आहे. मी ते मोठ्यानं म्हणून बघितलं. आईनं ‘काय?’ म्हणून ओ दिली, मग स्वतःच हसली. मग आम्ही दोघी एका पांघरुणात झोपलो. गोधडी जुनी, भूकंपानंतर कुणीतरी दिलेली, तिच्यावर आईनं पुढं ठिगळं लावून लावून मूळ कापड दिसेनासं केलंय.

तुम्ही काही फार केलं नाही, असं तुम्ही म्हणाल, मला माहीत आहे. चांगली माणसं हेच म्हणतात. आपला हा मुलूख गरीब असेल, पाण्याला महाग असेल, पण गंगाखेडच्या जनाबाईनं दळताना बोललेलं आपण सातशे वर्षं जपलं आहे. कुणीतरी ते कान देऊन ऐकलं, कुणीतरी उतरून घेतलं, म्हणूनच ना? दळणाऱ्या बाईचं ऐकणारं कुणीतरी असावं लागतं. तुमच्यासारखी माणसं दोन खोल्यांच्या वाचनालयात बसलेली असतात. त्यांचे फोटो कुठं येत नाहीत आणि मानधनाला सहा-सहा महिने लागतात. गावाचं निम्मं दुःख त्यांच्या वहीत जाऊन हलकं होतं. मला हे आधी दिसलं नव्हतं.

आईत फार मोठा बदल झाला असं नाही. झोप अजून तुटते. 30 सप्टेंबरला ती अजून अंगणातच झोपते. पण यंदा विसर्जनाला नातू गालाला गुलाल लावून आला, तेव्हा ती आत निघून गेली नाही. पदर ओला करून तिनं त्याचे दोन्ही गाल पुसले, सावकाश, कानामागंसुद्धा. मग म्हणाली, जा आता, झोप.

माळ्यावरून तिनं जात्याची वरची तळी खाली काढायला लावली आहे. ढिगाऱ्यातून तेवढीच आणली होती. खालची तळी नाही, खुंटा नाही, दळता येणार नाही. तरी ती धुऊन, हळद-कुंकू लावून चुलीजवळ ठेवली आहे. संध्याकाळी तिच्यावर हात फिरवत ओवी जुळवते आणि मला फोनवर म्हणून दाखवते. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेते. मग वाचून दाखवते, तुमच्यासारखंच. पाचातल्या चार वेळा माझं चुकलेलं असतं.

तिनं तुमच्यासाठी निरोप दिलाय, तसाच्या तसा लिहिते : “ताईबाईला म्हनावं, ज्वारीला हुरडा आला की ये. गुळाचा खडा न् शेंगाची चटनी करून ठेवते. आन् येताना वही घेऊन ये, तिसऱ्या पानावर अजून एक चुकलंय.”

तुमची,
मावशीची धाकटी लेक