कारवानाचे टपाल तिकीट निघाले, निवारा कधी निघणार?

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यात लोकांनी टाकून दिलेली कारवान (सडपातळ, धावती, शिकारी देशी जात) कुत्री उचलायची, बरी करायची आणि त्यांना घर शोधून द्यायचे, एवढेच काम करणारे आम्ही मूठभर स्वयंसेवक. आपला वेळ मौल्यवान आहे, म्हणून थेट विषयावर येतो.

परवा जतच्या बाजूला रस्त्याकडेला एक मादी सापडली. पुढचा पाय कोपराखाली मोडलेला. एक्स-रे काढून मागितला, तर एका सरकारी दवाखान्यातून उत्तर आले, "यंत्र आहे, पण ते मोठ्या जनावरांसाठी. कुत्र्याला काय, दोन काड्या बांधा."

बांधतो साहेब, पण काड्या बांधायलाही शास्त्र आहे. कारवानाच्या नडगीवर मांस नाही, कातडी कागदासारखी. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले नाहीत तर हाड आतल्या आत हलत राहते. बोटांच्या बेचक्यांत कापूस घालायचा, मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ चाचपायची. पट्टी घट्ट झाली की बोटे सुजतात, मग गार पडतात, मग वास येतो, आणि शेवटी पाय काढावा लागतो. काड्या पुरतील की प्लेट बसवावी लागेल, हे एक्स-रेशिवाय कोण सांगणार? आपले खाते हाताने चाचपून सांगत असेल तर आम्हालाही शिकवा.

ही जात वेगळी आहे, हे सांगून सांगून आमचा घसा बसला. अंगावर चरबी नसल्याने भूल वेगळी लागते. थायोपेंटोन हे भुलीचे औषध दिले तर बाकीची कुत्री उठून बसतात तेव्हा हे अजून पडलेलेच असते, आणि तेवढ्यात अंग गार पडते. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला लावाव्या लागतात. रक्ताचेही तसेच. ग्रेहाऊंडसारख्या धावत्या जातींत तांबड्या पेशींचे प्रमाण मुळातच जास्त, साधारण ५० ते ६५ टक्के. प्रयोगशाळा ४० आकडा बघून इतर कुत्र्यांच्या मापाने 'नॉर्मल' लिहिते आणि गोचीडतापाने पेशी घटलेले कुत्रे घरी पाठवते. त्या तापाला डॉक्सीसायक्लीन लागते, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. वीस किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅमच्या ५६ कॅप्सूल, त्याही भरल्या पोटी, नाहीतर उलटी. आठव्या दिवशी कुत्रे उड्या मारते, माणसे गोळ्या बंद करतात आणि ताप परत येतो. या ५६ कॅप्सूल आमच्या खिशातून येतात. मेडिकलवाल्याच्या उधारीच्या वहीत आमचे पान सगळ्यांत जाड आहे.

उपाशी कुत्र्याचे तर विचारूच नका. दयाळू लोक पातेलेभर दूधभात पुढे ठेवतात. हाडांचा सापळा झालेल्या जनावराला एकदम पोटभर घातले तर रक्तातले फॉस्फरस झरकन उतरते आणि ते वाचवल्यानंतर मरते. अठरा किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहायलाही दिवसाला सहाशे किलोकॅलरीच्या आसपास लागतात. पहिले तीन दिवस त्याचा चौथा हिस्सा, तोही पाच-सहा वेळा विभागून. म्हणजे रात्री दोनलाही कोणीतरी उठायचे. त्यासाठी शासनाचा कुठला भत्ता असल्यास कळवावे.

आता कौतुकाचे बोलू. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हे होते, मुधोळ हाऊंड या कर्नाटकी नावाने. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतले. लष्कराने ही कुत्री कामाला घेतली. सगळ्यांनी छाती फुगवली. पण अशा कौतुकानंतर पिलांना गिऱ्हाईक वाढते, आणि दहा महिन्यांनी त्याच पिलाने शेजाऱ्याची कोंबडी धरली की ते हायवेवर सुटते, याचा हिशोब कोणी ठेवला? २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचे पिलू विकायचे नाही. इथे डोळे नीट उघडले नाहीत तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. गाईम्हशीच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे. कारवानाच्या मालकाला शोधायला आमच्याकडे काय आहे? गळ्यातली सुतळी.

आणि मालक सापडला तरी काय? जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. सांगलीत एवढ्यात भडंगाचा मोठा पुडासुद्धा येत नाही. कायदा केला तेव्हा पन्नास रुपये मोठे असतील, पण तो बदलायला पासष्ट वर्षे पुरली नाहीत. आमदारांच्या भत्त्याला मात्र कधी एवढा उशीर झालेला आठवत नाही.

भटक्या कुत्र्यांचे २०२३ चे नियम वाचा. नसबंदी करा, लस द्या, जिथून उचलले तिथेच सोडा. गल्लीतल्या कुत्र्याला ते ठीक, त्याचे घर तीच गल्ली. पण टाकलेल्या कारवानाला कुठे सोडायचे? ज्या ट्रकसमोर ते सापडले, त्याच ट्रकसमोर?

२००१ च्या केंद्रीय नियमांत लिहिले आहे की राज्याने सहा महिन्यांत प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी स्थापन करावी, दवाखाना आणि निवारा बांधायला जागा द्यावी, तिथे पूर्णवेळ पशुवैद्य असावा. सहा महिने म्हटले होते, दोन तपे उलटली. बैलगाडा शर्यतीसाठी याच राज्याने कायदा दुरुस्त केला आणि सर्वोच्च न्यायालयात २०२३ पर्यंत लढून तो टिकवला. इच्छा असली की सगळे जमते, हे आम्ही तेव्हा पाहिले. पण बैलामागे मते आहेत. कारवानामागे धनगराचा एखादा पोरगा आणि आम्ही.

आमचे मागणे मोठे नाही. जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कुत्र्यांचा एक्स-रे आठवड्यातून दोन दिवस. पैदास करणाऱ्यांची यादी जाहीर, आणि विकलेल्या प्रत्येक पिलाच्या कातडीखालच्या ओळख-चिपचा नंबर खात्याकडे. दहा गुंठे जागा, सहा फुटी जाळीसह. बाकीचे आजवर केले तसे करू.

मादीचा पाय अजून सुजलेला आहे. एक्स-रेसाठी उद्या तिला भाड्याच्या गाडीने कोल्हापूरला नेतो आहोत.

आपले,
कारवान बचाव गटाचे स्वयंसेवक, सांगली

ता. क. पाहणीला कोणी साहेब येणार असतील तर दोन्ही फाटके एकामागून एक लावून घ्यावीत, दोन्ही एकदम उघडू नयेत. आणि नेहमीचा पट्टा आणू नये. कारवानाची मान डोक्यापेक्षा जाड, मागे सरकले की पट्टा हातात राहतो. ओढल्यावर आवळणारा दोन इंची मार्टिंगेल पट्टा लागतो. तो आमच्याकडे आहे.