ब्रेकला चिमटे लावून रोपवे चालवणार नाही

प्रति,
मा. सेवा विभाग प्रमुख,
रोपवे उत्पादक कंपनी

विषय: ट्रॅक रोप ब्रेकमधील बिघाड, चुकीचे सील आणि आपल्या इंजिनिअरने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आपण बसवलेला देवस्थानाचा रोपवे आमची संस्था चालवते. वार्षिक देखभालीचा करारही आपल्याशीच आहे आणि त्याचे पैसे आगाऊ भरलेले आहेत.

दोन नंबरच्या केबिनचा ब्रेक चालू फेरीत अचानक लागतो. केबिन दरीवर अधांतरी थांबते, आत लहान मुले रडू लागतात, आणि हातपंपाने दाब चढवून ब्रेक सोडवेपर्यंत अटेंडंटने त्यांना धीर द्यायचा. हा ब्रेक तेलाच्या दाबाने उघडा राहतो. दाब उतरला की स्प्रिंगमुळे जबडे ट्रॅक रोपवर, म्हणजे केबिन ज्यावरून धावते त्या स्थिर दोरावर, आवळतात. म्हणजे दाब कुठेतरी गळतो आहे, हे उघड आहे. आमचा फिटर केबिनच्या वरच्या चाकांच्या गाड्यावर (कॅरेजवर) चढला तेव्हा सिलिंडरच्या तोंडाशी तेल पाझरून त्यावर धुळीचा काळा थर बसलेला होता. फोटो आपल्याला पाठवले आहेत.

सील किट मागवले. वागळे इस्टेटच्या ऑफिसात खोके उघडले तर सील भलत्याच मॉडेलचे! दांड्यावर घातले की बोटाने गरगर फिरते. ऑर्डरवर मशीनचा नंबर स्पष्ट लिहिला होता.

हे कळवल्यावर आपल्या इंजिनिअरसाहेबांनी फोनवर सांगितले, "सील येईपर्यंत ब्रेकला चिमटे लावून ठेवा, गाड्या चालू द्या." चिमटे लावायचे म्हणजे ब्रेकचे जबडे उघडेच अडकवून ठेवायचे.

साहेब, २३ मे २०२१ ला इटलीत मोत्तारोनेच्या रोपवेवर हेच झाले. ब्रेक सारखा लागतो म्हणून तो चिमटे लावून निकामी केला होता. केबिन वरच्या स्टेशनाजवळ पोचली असताना हॉल रोप, म्हणजे केबिन ओढणारा दोर, तुटला आणि तिला धरायला काही उरले नाही. १५ जणांपैकी १४ गेले, ५ वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला. रोपवेच्या धंद्यात असलेल्या माणसाला हे ठाऊक नसावे, हे मला पटत नाही. ठाऊक असूनही असा सल्ला दिला असेल, तर ते त्याहून वाईट.

आम्ही रोपवे बंद ठेवला आहे. ठाणे-कळव्याहून येणारी म्हातारी माणसे पायथ्याला पाया पडून परत जातात, आमचे उत्पन्न बुडते, कामगारांचे पगार मात्र चालूच आहेत. तरीही चिमटे लागणार नाहीत.

योग्य मापाचे सील घेऊन आपला माणूस प्रत्यक्ष डोंगरावर पाठवा. सील बदलल्यावर दोन्ही केबिनच्या ब्रेकची भार टाकून चाचणी त्याने आमच्यासमोर करावी आणि अहवालावर सही करावी. फोनवरचा सल्ला चुकीचा होता, हे लेखी कळवा. आपल्या इतर ग्राहकांनाही असे सांगितले गेले असेल तर त्यांना आजच्या आज थांबवा. बंद काळाचे देखभाल शुल्क परत मिळावे.

आठ दिवसांत माणूस आला नाही, तर हा पत्रव्यवहार परवाना देणाऱ्या सरकारी खात्याकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाईल.

आपला,
व्यवस्थापक, चालन व देखभाल
वागळे इस्टेट, ठाणे