लॅबवाल्याला पैसे कोण देतो ते आधी बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमचं वावर एमआयडीसीच्या नाल्याला लागून आहे. एप्रिल-मे मध्ये विहिरीवरची मोटर चालू केली की आधी पिवळसर पाणी येतं, पाटात फेस धरतो आणि केळीच्या पानांच्या कडा करपतात. तक्रार केली तर कारखान्याने पाण्याचा लॅब रिपोर्ट पुढे केला, सगळं लिमिटच्या आत, पण तो त्यांनीच पैसे देऊन करून घेतलेला. ईटीपीचा, म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करायच्या प्लांटचा, ब्लोअर दिवसा चालतो आणि रात्री बंद होतो हे आम्हाला आवाजावरूनच कळतं. कारण साधं आहे, लाइटबिल आणि केमिकलचा खर्च वाचतो, आणि घाण पाणी तर दुसऱ्याच्या विहिरीत जातं.

पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे, तरी हे चालूच आहे, म्हणजे नुसत्या कायद्याने कारखानदार हलत नाही. गुजरातमध्ये पण हेच होतं, प्रदूषण तपासणाऱ्या ऑडिटरला पैसे कारखानाच द्यायचा आणि आकडे बरोबर लिमिटच्या जरासे खाली यायचे. मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले, पैसे एका वेगळ्या फंडातून दिले, वरून फेरतपासणी ठेवली, तर रिपोर्ट खरे यायला लागले आणि प्रदूषणही कमी झालं. आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला सुरतेत 2019 पासून चिमणीला मीटर लावून धुळीचा कोटा ठरवलाय, जो कमी सोडतो तो उरलेला कोटा विकून पैसे कमावतो. तिथल्या मिलमध्ये खान्देशातली किती पोरं कामाला आहेत, त्यांनाच विचारा.

इंडोनेशियाने तर 1995 ला कारखान्यांना प्रदूषणावरून रंगच दिले, सगळ्यात चांगल्याला सोनेरी, मग हिरवा, निळा, लाल, आणि सगळ्यात वाईटाला काळा. पहिल्या 187 पैकी जवळपास दोन तृतीयांश लाल-काळ्यात निघाले, त्यांना सुधारायला काही महिने दिले आणि मग नावं जाहीर केली. नाव खराब झालं की गाववाले, बँक, माल घेणारा सगळेच विचारतात, दंडापेक्षा ते जास्त लागतं हो.

आपल्याकडेही 2017 ला प्रदूषण नियंत्रण मंडळाने चिमणीच्या धुरावरून एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली, चांगलीच गोष्ट आहे, पण आमच्या गावात कुणालाही विचारा, कोणाला किती स्टार ते माहीत नाही, आणि आमचं दुखणं तर पाण्याचं आहे. म्हणून पाण्याचेही स्टार द्या, ते गेटवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा, आणि सॅम्पल रात्री दोन वाजता घ्या, न सांगता. तुमच्या पेपरने दर महिन्याला ती यादी छापली तर आम्ही कापून पारावर चिकटवू.

आपला,
एक केळी उत्पादक, जि. जळगाव